पळीभर तीर्थ

माझे वडील गंगेकाठच्या एका देवळात पहाटे सनई वाजवायचे. १९३०-३५च्या सुमाराची गोष्ट. मी शेंडेफळ, त्यामुळे मला कळू लागलं तोवर नानांची साठी उलटली होती आणि त्यांची सनई मधेच फुस्स करू लागली होती. एकदा काकडआरतीत सूर असा फाटला की बायका पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांत मीही होते. वर घरी येऊन विचारलं, "नाना, सनईला सर्दी झाली का?" ते आठवलं की आजही माझी मला लाज वाटते.

पुजाऱ्यांनी स्पष्टच सांगितलं, "दिवाळीपर्यंत बघतो. नाहीतर दुसरा माणूस आणावा लागेल."

त्या दिवशी नाना जेवले नाहीत. आईने खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, "तोंडात थुंकीच राहत नाही गं. सनईच्या तोंडाची पाती सुकते, ओठ चिकटतात. भाकरीचा घाससुद्धा पाण्याशिवाय उतरत नाही."

त्यावर त्यांनी गुपचूप उपाय शोधला होता, गालात तंबाखू धरण्याचा. वैद्यबुवांनी ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, आगीत तेल ओतताय!" तंबाखू बंद, भाकरी कालवणात कुस्करून, आणि घोट घोट पाणी, वाजवताना तर नक्कीच.

इथेच घोडं अडलं. देवाला अभिषेक होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा नानांचा जन्माचा नेम. "वाजवणं गेलं तरी चालेल, नेम मोडणार नाही," म्हणाले. हात मात्र सनईच्या पिशवीवरून फिरत होता.

आई हट्टाला पेटली. आदल्या दिवशीच्या अभिषेकाचं तीर्थ तांब्यात घेऊन ती पहाटे थेट नाना वाजवायचे त्या नगारखान्यात चढली. बाईमाणूस तिथे जात नसे. पहिला सूर अडखळताच तिने पळी पुढे केली. "हे पाणी नव्हे, तीर्थ आहे. नाही म्हणून दाखवा."

तीर्थाला कोण नाही म्हणणार? नानांनी हात पुढे केला, प्याले, ओठांवरून जीभ फिरवली. मग सनई लागली. खाली अंगणात मला रडू कोसळलं.

कोरड काही गेली नाही. मधे मधे एक पळी, असं करत नानांनी पुढची चार-पाच वर्षं वाजवलं.

आता माझंही तोंड सुकतं. सून पाण्याचं भांडं देते, तेव्हा भांडं धरायचं सोडून मी तळहात पुढे करते. ती हसते. मीही हसले होते.