बावीस मिनिटं

क्रांती रामटेके गुरुग्रामच्या एका खासगी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायची, आणि चोरून शिकवायची. चोरी कसली, तर हिंदीची. तिथला नियम असा की वर्गात फक्त इंग्रजी, आणि प्रत्येक तास रेकॉर्ड होणार. आईबापांना दाखवायला काहीतरी नको का! मग क्रांती इंग्रजीत व्याख्या सांगायची, कॉलरचा माइक बंद करायची आणि हिंदीत समजावायची. टोमॅटो महागले की लोक कमी घेतात, मीठ महागलं तरी तेवढंच घेतात. मागणीची लवचीकता म्हणजे हेच. एवढ्यावर वर्ग जागा व्हायचा. झज्जरकडच्या खेड्यातून बसने येणारी मंजीत एकदा म्हणाली, "मॅडम, दूध महँगा हो तो हमारे यहाँ चाय कम नहीं होती, दूध पतला होता है." पुस्तकातल्या उदाहरणांना तिने पार झोपवलं.

भंडाऱ्याच्या मराठी शाळेतून इंग्रजी कॉलेजात गेल्यावर क्रांतीनेही पहिलं वर्ष मुकाट बसून काढलं होतं. एका सरांनी तासानंतर मराठीत समजावलं, म्हणून ती तरली. हे ती विसरली नव्हती.

सहा वर्षं कंत्राटावर काढली. यंदा कायम व्हायची वेळ आली आणि समितीने रेकॉर्डिंग ऐकली. पन्नास मिनिटांच्या तासात बावीस मिनिटं आवाजच नाही.

"इन बाईस मिनट में आप क्या कर रही थीं?" डीननी विचारलं. हिंदीतच विचारलं, हे विशेष.

"पढ़ा रही थी, सर."

सुधारायला एक सत्र मिळालं. दिल्लीत, द्वारकेच्या घरी सिद्धांत, तिचा नवरा, म्हणाला, "यार, बोल ना सरळ इंग्लिशमध्ये. तुलाच कसला एवढा पुळका?"

"मुलं फेल होतील."

"तू तर पास होशील."

वाक्य झोंबलं. आणि पटलंही, याचीच तिला लाज वाटली.

जानेवारीपासून माइक एकदाही बंद झाला नाही. मंजीतने दोनदा हात वर केला आणि स्वतःच्या कॉलरला बोट लावून दाखवलं. क्रांतीला कळलं. तिने पुढची स्लाइड वाचली. नंतर मंजीतने हात वर केलाच नाही.

मे महिन्यात एकदाचं गंगेत घोडं न्हालं. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायात क्रांतीला आजवरचे सर्वांत जास्त गुण. मॅडमचं इंग्रजी छान, असं पोरांनीच लिहिलेलं. डीननी कायम केल्याचं पत्र हातात दिलं आणि हिंदीत अभिनंदन केलं. तिने स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

दुपारी ती पेपर तपासायला बसली. नावं झाकलेली असली तरी मंजीतचं अक्षर ती ओळखायची. लवचीकतेच्या प्रश्नाखाली मंजीतने स्लाइडवरचं इंग्रजी वाक्य तीनदा उतरवलं होतं. एकही चूक नव्हती. खाली 'तुमच्या रोजच्या जगण्यातलं उदाहरण द्या' म्हटलं होतं, तिथे जागा कोरी होती.

त्या कोऱ्या जागेत क्रांती बराच वेळ दूध शोधत राहिली. मग तिने लाल पेनाने शून्य दिलं.