बेटाच्या वचनात आमचा धूर

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी इंग्रजी पत्रं लिहितो. बाकीही बरीच कामं करतो, पण मालकांच्या लेखी माझी किंमत तेवढीच. पाहुणे आले की ‘हे आमचं इंग्रजी’ अशी माझी ओळख करून देतात. वासरांत लंगडी गाय शहाणी, तसा मी कारखान्यातला विद्वान.

काही वर्षांपूर्वी समुद्रातल्या एका चिमुकल्या देशाची ऑर्डर आली. त्यांच्या सरकारी दवाखान्यांसाठी टॉवेल आणि चादरी हव्या होत्या. नकाशात शोधायला गेलो तर देशाचं नाव ठळक छापलेलं आणि देश काही दिसेना. ऑर्डरसोबत एक फॉर्म होता आणि फॉर्मला त्या देशाचा हवामानाबद्दलचा वचननामा जोडला होता. हवा तापवणारा धूर आम्ही कसा कमी करू, हे प्रत्येक देश जगाला लिहून देतो, त्यातलाच तो कागद. दिवे सूर्यावर चालवू, डिझेलच्या बोटी कमी करू, किनाऱ्याला खारफुटी लावू. आणि सरकार जे विकत घेईल ते घाणेरडं इंधन न जाळणाऱ्या कारखान्यातूनच घेऊ.

डबा खाता खाता मी तो सगळा वाचला आणि मला रागच आला. सगळा देश मिळून जेवढा धूर करत असेल तेवढा आमच्या एमआयडीसीच्या दोन-चार गल्ल्या करत असतील. आणि शपथा कोण घेतंय, तर हे. ज्यांनी धूर केला ते थंड खोलीत बसणार आणि ज्यांच्या घरात पाणी शिरतंय ते नाक घासणार. आमच्याकडेही उन्हाळा दर वर्षी वाढतोच आहे. मे महिन्यात पत्र्याखाली शिलाई खात्यातल्या बायका आम्हीच विणलेला टॉवेल ओला करून डोक्यावर घेतात आणि मशीन चालवतात. पण आम्ही कुणाला काही लिहून दिलेलं नाही.

फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: बॉयलरमध्ये काय जाळता? सूत रंगवायला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर. आमच्या बॉयलरमध्ये कपड्यांच्या कारखान्यांतल्या चिंध्या, प्लास्टिकच्या फाटक्या गोण्या, मिळेल ते लाकूड असं सगळं जायचं. मालक म्हणाले, “पांढरा कोळसा लिहा. सगळेच लिहितात.” भुईमुगाची टरफलं, उसाचं पाचट दाबून ज्या कांड्या करतात त्यांना आमच्याकडे पांढरा कोळसा म्हणतात. मी लिहिला.

मग त्या देशातल्या एक सरकारी बाई मुंबईत कसल्याशा बैठकीला आल्या होत्या, त्यांनी कळवलं की कारखाना बघायला येते. आदल्या दिवशी दुपारी दोन ट्रक पांढरा कोळसा आला. चिंध्यांचे गठ्ठे मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेले. बॉयलरखोलीची फरशी कधी नव्हे ती धुतली.

राहिला बॉयलरमध्ये सरपण टाकणारा माणूस. ते वळसंगचे, घरी कन्नड बोलणारे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. वयाने मोठे म्हणून सगळे त्यांना मामा म्हणत. रोज सकाळी पहिलं सरपण टाकायच्या आधी ते बॉयलरच्या दारालाही विभूती लावत आणि मगच कामाला हात घालत. त्यांना ऑफिसात बोलावून मालकांनी पढवलं, “बाईंनी विचारलं तर म्हणायचं, वर्ष झालं पांढरा कोळसा जाळतोय.” मामांनी मान हलवली. आमची चूक तिथंच झाली. पढवलं ऑफिसात, तर बाईंशी त्यांची भेटही ऑफिसातच घालून द्यायला हवी होती. पेटत्या आगीसमोर मामा खोटं बोलत नसत. घरच्या चुलीपुढेही नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चेष्टेत कुणाला कबूल करून घ्यायचं असलं की पोरं म्हणायची, चल मामांच्या बॉयलरपाशी.

बाई माझ्याच वयाच्या, साध्या चपलांतल्या. त्या थेट बॉयलरपाशी गेल्या, कांड्या हातात घेऊन बघितल्या आणि मामांना विचारलं की हे कधीपासून जाळता. मी मराठीत विचारलं. बॉयलरचं दार उघडं होतं, आत जाळ होता. मामांनी जाळाकडे बघितलं आणि म्हणाले, “हे काल दुपारी आलंय. वरीसभर मी चिंध्या आन् पिलॅस्टिकच्या गोण्या टाकतोय. त्येचा धूर छातीत जातोय, खोकून खोकून जीव जातोय. सांगा बाईस्नी.”

मालक माझ्या मागेच उभे होते. मी बाईंना इंग्रजीत सांगितलं, “वर्ष झालं म्हणतात. खोकलाही पुष्कळ कमी झालाय म्हणतात.”

खोकल्याचं मला कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. बहुतेक नुसतं ‘वर्ष झालं’ हे मामांच्या बोलण्यापुढे फार तोकडं वाटलं असावं, म्हणून भर घातली. शिलाईच्या बायकांच्या पोटासाठी बोललो असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. खरं म्हणजे मी मालकांना भीत होतो.

बाईंनी मामांचा काजळीने माखलेला हात दोन्ही हातांत धरला. म्हणाल्या, त्यांच्या आईची कबर समुद्राने खाल्ली. पाणी कबरस्तानात आलं तेव्हा गावातल्या लोकांनी मिळून हाडं वेचली आणि दुसऱ्या बेटावर नेऊन पुरली. मी विचारलं, तुमचा धूर तो केवढा, मग वचनं कशाला देता? त्या म्हणाल्या, “आम्ही मोठ्या देशांच्या दारात धूर कमी करा म्हणून मागायला जातो. मागणाऱ्याच्या शब्दात खोट निघाली तर त्याला कोण विचारणार? आमच्याकडे शब्दाशिवाय दुसरं काही नाही.” मग त्यांनी मामांसोबत फोटो काढून घेतला आणि मामांना विचारलं, आमच्या सरकारी अहवालात लावला तर चालेल ना. हा प्रश्न मात्र मी जसाच्या तसा सांगितला. मामा म्हणाले, “लावू द्या की.”

बाई गेल्यावर मालक खुशीत म्हणाले, “सुंठीवाचून खोकला घालवलात तुम्ही.” ते मामांच्या कानावर गेलं. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, “मी लई बोललो. तुमी एवढंसंच सांगितलं. काय सांगितलं?” मी म्हणालो, तुमचंच सांगितलं. बाई काय म्हणाल्या ते मात्र मी त्यांना सगळं सांगितलं, कबरीचंसुद्धा.

ऑर्डर मिळाली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा चिंध्या.

पुढे त्या देशाने आपल्या वचनाचं काय झालं याचा अहवाल जगापुढे ठेवला. बाईंनी आठवणीने आम्हाला एक प्रत पाठवली. त्यात फोटो होता: बाई, मामा आणि मागे कांड्यांचा ढीग. खाली ओळ होती की आमच्या दवाखान्यांतलं कापड आता स्वच्छ इंधनावर तयार होतं. मी तो छापून मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून स्वतःला बघितलं, मग खाली काय लिहिलंय ते विचारलं. मी वाचून दाखवलं.

“म्हंजे आपलं खोटं त्यास्नी जगाम्होरं बोलाय लावलं की,” ते म्हणाले.

मी कागदाची घडी घालू लागलो.

“कळवा त्यास्नी.”

“ऑर्डर जाईल, मामा. बायका घरी बसतील.”

“व्हय, ते बी खरं हाय,” असं म्हणून ते खोकत बसले. एवढा वेळ एक माणूस खोकतो आणि आपण समोर कागद घेऊन उभे राहतो, हे मला सहन होईना.

तीन आठवडे मी टाळलं. मग सात रस्ता चौकातल्या एका सायबर कॅफेत जाऊन नवा ईमेल पत्ता काढला आणि बाईंना सगळं कळवलं. पत्राखाली नाव घातलं नाही. चार दिवसांनी उत्तर आलं. आपण कोण ते माहीत नाही, पण आभार. ती ओळ आम्ही काढून टाकतो आणि चूक झाली असं जाहीर करतो. आम्ही नीट पाहिलं नाही, दोष आमचा. ते वाचून मला रडू आलं. कुणालाही कधी कळलं नसतं आणि तरी त्यांनी ती ओळ काढली. पाणी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं आणि दोषही त्यांनीच घेतला.

इंधनाबद्दल खोटं लिहिलं म्हणून ऑर्डर बंद झाली. मालकांनी कुणी कळवलं याचा शोध सुरू केला. माझ्यावर त्यांचा संशय गेला नाही, मीच तर त्या दिवशी वाचवलं होतं. संशय मामांवर गेला. आगीपुढे तोंड त्यांनीच उघडलं होतं आणि त्यांची मुलगी कॉलेजात शिकत होती, म्हणजे तिनेच लिहून दिलं असणार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. मामांना ऑफिसात बोलावलं तेव्हा मी माझ्या टेबलावरच होतो. “तू सांगितलंस?” मालकांनी विचारलं. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “न्हाय.” मालक म्हणाले, उद्यापासून येऊ नको. त्यांना कामावरून काढल्याचं पत्र मीच टाइप केलं.

बायका घरी बसल्या नाहीत. दोन महिन्यांत दुसरं गिऱ्हाईक मिळालं, ज्याला कसलाही फॉर्म नको होता. बॉयलर एक दिवसही थंड पडला नाही.

मागच्या उन्हाळ्यात सात रस्त्याला मामा दिसले. एका दवाखान्याच्या दारात वॉचमन होते, खूप वाळले होते. मी चहा पाजला. तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, “फुफ्फुस ग्येलं म्हणत्यात.”

“त्या बाईंनी वळ काढली का वो?” त्यांनी विचारलं.

“काढली.”

“बरं झालं,” ते म्हणाले, आणि म्हणताक्षणी मला कळलं की मी आत्ता सगळं कबूल करून बसलो. ओळ काढल्याचं, ते पत्र लिहिणाऱ्याशिवाय, कारखान्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार होतं? मामांना नवल वाटलं नाही. कप खाली ठेवून ते म्हणाले, “मालकानं पोरीवर आळ घेतला तवा ती लई रडली. मला म्हणाली, आप्पा, मी लिवलं असतं तर खाली नाव घातलं असतं.”

मी अजून त्याच कारखान्यात आहे, त्याच टेबलावर. हे लिहितानाही मी कुणाचं नाव घातलेलं नाही. इतरांची घातली नाहीत ती त्यांच्यासाठी. माझं घातलं नाही ते माझ्यासाठी.