दिघोरीच्या तलावातला विमानाचा पाय

दिघोरीच्या यादोराव मेश्रामला कुणी हसून जय भीम केला, तरी तो आधी मनात म्हणतो, याचं आज माझ्याशी काय काम निघालं बुवा? स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार! दुधाच्या कॅनमध्ये बोट घालून बघणार, एका डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या दुसऱ्याला दाखवून येणार, आणि मोबाईलवर बँकेचं नाव ऐकलं की स्वतःचं नावसुद्धा सांगणार नाही. नोकरीही मिळाली ती कालव्यावरच्या चौकीदाराची. गेट कोणी उघडलं, पाणी कोणी वळवलं, हेच बघत जन्म गेला. म्हणजे संशय घेण्याचाच पगार खाल्ला म्हणा ना! त्याची बायको वच्छला तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लगनाच्या मांडवात या मानसानं माह्या बापाले विचारलं होतं, पोरगी पाह्यली तेच होय ना जी?"

अशा माणसाच्या दारात मार्चमधल्या एका दुपारी पांढरी गाडी येऊन थांबली. उतरला तो तिशीतला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. अंकुश म्हणून नाव सांगितलं, नागपूरचा म्हणाला, आणि विचारलं काय तर, "गोमाजी मेश्रामांचं घर हेच का?"

गोमाजी हा यादोरावचा बाप. त्याला जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाचं नाव घेऊन पांढऱ्या गाडीतून कोण येतं? सरकार येतं, नाहीतर पोलीस! यादोरावच्या मनात पाल चुकचुकली.

"कोन गोमाजी? मी नाई ओयखत," तो म्हणाला. त्याच्या मागे भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, गोमाजीचा हार घातलेला फोटो होता. खाली ठळक अक्षरांत नाव. आत वच्छलानं कपाळावर हात मारला.

अंकुशनं फोटो पाहिला, पण शहाणा होता, बोलला नाही. "तुमच्याकडे पत्र्याचा एक डोंगा आहे म्हणे. भावनाताईंनी शिंगाडे काढतानाचा फोटो टाकला होता फोनवर, खाली आजोबांचं नाव लिहून. त्यात दिसला."

भावना ही यादोरावची लेक, साकोलीला मास्तरीण. म्हणजे घरचीच फितूर निघाली! "थो फोटो दुसऱ्या गावचा असन," यादोराव म्हणाला. "आमच्याकडे डोंगा-बिंगा काही नाई."

"बरं. मी आज साकोलीला थांबतो. उद्या सकाळी तलाव बघून जातो," म्हणून अंकुश गेला. चहाला नको म्हणाला, त्याचाही यादोरावला संशय आला.

डोंगा म्हणजे आमच्याकडची लहान होडी, पण हा डोंगा काय भानगड होती ते सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत गोमाजी विशीतला होता. गावात राहून दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबण्यापेक्षा बरं म्हणून फौजेच्या कामाला भरती झाला आणि मद्रासजवळच्या एका मोठ्या तलावावर जाऊन पडला. तिथं गोऱ्यांची विमानं जमिनीवर नाही, पाण्यावर उतरत. पोट नावेसारखं, आणि दोन्ही पंखांखाली एकेक लहान नाव लावलेली, विमान कलंडू नये म्हणून. गोमाजी त्याला पाय म्हणायचा. ही विमानं दिवसदिवस समुद्रावर फिरून शत्रूच्या पाणबुड्या हुडकत आणि बुडालेल्या जहाजांवरची माणसं उचलून आणत. विमान परत आलं की गोमाजी आणि त्याचे सोबती छातीभर पाण्यात उतरून त्याला चाकं बांधत, मग दोर लावून काठावर ओढत. बुडाशी खिळे निखळले असले, भोकं पडली असली, तर ती बुजवत. लढाई संपली आणि विमानं मोडीत निघाली. गोमाजी गावी आला तो वरठीच्या स्टेशनावर मालगाडीतून एक पाय उतरवून, बैलगाडीवर घालून!

तोच हा डोंगा, एका माणसापुरता. लाकडाच्या डोंग्यापेक्षा हलका, पाण्यावर सरसर चालायचा. पण गावाला हे बघवतं काय? तेव्हाच्या पाटलानं तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर उभं राहून, सगळ्यांदेखत म्हटलं, "चोरून आनला असन लेकानं." झालं! त्या दिवसापासून त्याचं नाव चोरीचा डोंगा पडलं. गोमाजीला कोणी विचारलं तर तो एकच शब्द सांगे, "देला." कोणी दिला, काहून दिला, हे सांगत बसत नसे. नंतर तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, ताठ मानेनं जगला, पण ते नाव काही पुसलं नाही. शाळेत पोरं यादोरावला त्याच नावानं हाक मारत. तो रडत घरी यायचा, आणि बापाला विचारायची हिंमत मात्र व्हायची नाही. कारण, खरं सांगायचं तर, त्यालाही खात्री नव्हती. बाप गेल्यावर दर उन्हाळ्यात तो डोंग्याला आतबाहेर डांबर फासायचा. पत्रा टिकावा म्हणून, असं सांगायचा. खरं म्हणजे ती सरकारी चकाकी कोणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून.

आणि आज ऐंशी वर्षांनी सरकारची गाडी दारात आली होती. डोंगा नेला तर नेला, त्याचं एवढं नाही. पण गाव काय म्हणेल? पाह्यलं, आमी म्हनतच होतो! बाप मेल्यावर पुन्हा चोर ठरणार. यादोरावनं ताट बाजूला सारलं.

"जो डोंगा चोरायले आला, थो गाडीतून उतरून नमस्कार करन का?" वच्छला म्हणाली.

"तेच तं! चोर असता तं बरं होतं. थो नमस्कार करून राह्यला, म्हंजे पक्का सरकारी हाय."

दिवस मावळताना तो तलावावर गेला. आमच्या भागात शिंगाड्याचा हंगाम आटपला की लाकडाचे डोंगे दगड भरून तलावातच बुडवून ठेवतात. उन्हात ठेवले तर लाकूड तडकतं. पाण्याखाली राहिलं की वर्षानुवर्षं टिकतं. नत्थू ढिवराचे दोन डोंगे तसेच कमळाच्या पानांखाली निजलेले होते. नत्थू यादोरावचा जुना दोस्त, भावनाच्या फोटोत शिंगाडे काढत होता तो तोच. यादोरावनं विचार केला, दोनाच्या शेजारी तिसरा, कोणाच्या बापाला कळणार? पत्र्याच्या डोंग्यात त्यानं दगड भरले. मागची बाजू बुडाली, पण नाक काही खाली जाईना. नाकाला दगडांचं पोतं बांधलं, वरून रेटलं, तेव्हा कुठं ते बुडबुडे सोडत खाली गेलं. यादोराव चिखलानं माखून घरी आला आणि पोटभर जेवला.

सकाळी अंकुश पारीवर हजर. नत्थू होता, धुणं धुवायला आलेल्या बाया होत्या, आणि फिरायला निघालेल्या सुलोचनाबाई होत्या, त्याच पाटलाच्या घरच्या धाकट्या सूनबाई, आता स्वतःच ऐंशीच्या. यादोराव हात मागे बांधून उभा, एकेकाचं तोंड न्याहाळत. हा नत्थू काहून हसून राहिला? या बाईला आजच फिरायचं सुचलं?

"बघा जी, तलाव रिकामा हाय," तो अंकुशला म्हणतोय न म्हणतोय, तोच कमळाची पानं हलली. बुडुबुडु आवाज आला. आणि पोत्याचा दोर सुटून काळं नाक भस्सकन पाण्याबाहेर आलं! नुसतं आलं नाही, मागचे दगड सांडत सगळा डोंगा वर आला आणि काठाकडे निघाला.

बाया किंचाळल्या. नत्थू पोट धरून हसायला लागला. "अबे यादो, लाकडाचा डोंगा बुडते, हा कसा बुडन? याच्या नाकात बंद डब्बा हाये ना, हवेचा! विमान बुडू नये म्हून केला, अन् तू बुडवाले गेला!"

यादोरावचा धीर सुटला. तो अंकुशवर ओरडला, "माह्या बापानं चोरला नाई थो!"



"चोरला असं कोण म्हणतं?" अंकुश गोंधळून म्हणाला. "मी पोलीस नाही, सरकारचाही नाही हो काका. आमचं खाजगी संग्रहालय आहे. लढाईतल्या तसल्याच एका विमानाचे तुकडे जोडतोय. एक पाय मिळाला, दुसरा मिळत नव्हता. बस, एवढ्यासाठी आलो."

तो गुडघाभर पाण्यात उतरला. दगड घसरल्यामुळे डोंग्याच्या काठावरचं डांबर खरवडून निघालं होतं. अंकुशनं तिथं बोट फिरवलं, आणखी थोडं नखानं काढलं, आणि हाक मारली, "काका, इकडे या. बघा."

डांबराखाली पांढऱ्या पत्र्यावर रिव्हेटांची, म्हणजे ठोकून बसवलेल्या खिळ्यांची ओळ होती, एकसारखी, सुतात.

"पाय मुळात वरून बंद असतो. याचं वरचं झाकण छिन्नीनं फोडलेलं नाही. मापानं कापलंय. काठ आत वळवून पट्टी बसवलीय, बसायला जागा केलीय, आणि सगळीकडे विमानाचेच रिव्हेट. याला दोन माणसं लागतात. एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून लोखंड धरतो. हे फौजेच्या तळावरच्या कारखान्यात झालंय, सगळ्यांसमोर. चोरणारा माणूस तिथंच बसून त्याचा डोंगा करून घेत नाही."

देला, बाप म्हणायचा. एवढ्या वर्षांचं डांबर त्यानं स्वतःच्या हातानं त्या ओळीवर फासलं होतं.

तेवढ्यात सुलोचनाबाई पुढे आल्या. वाईट बाई नव्हे ती. मनात आलं ते बोलली. "बरं, चोरला नसन. पर एवढी चांगली वस्तू त्याले कोनं काहून देली असन?"

यादोराव त्यांच्याकडे बघतच राहिला. हाच प्रश्न, शब्दाला शब्द हाच! डांबराचा ब्रश हातात घेऊन दर उन्हाळ्यात तो मनातल्या मनात बापाला हेच विचारत आला होता. गोमाजीसारख्याला कोणी काही चांगलं देऊच शकत नाही, ही पाटलाच्या तोंडची गोष्ट त्यानं जन्मभर आपल्याच घरात पोसली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"काम चांगलं केलं म्हून देला, सुलोचनाबाई," तो म्हणाला. आवाज पारीच्या टोकापर्यंत ऐकू गेला. "माहा बा छातीभर पान्यात उभा राहून विमानं सांभाळे. थो सांगे, समुद्रातून वाचवलेले लोक त्याच्याच खांद्यावर हात ठेवून काठावर उतरत. म्हून देला. आनखीन काही विचाराचं हाये कोनाले?"

सुलोचनाबाईंनी पदर सारखा केला आणि डोंग्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"डोंगा नेजा तुमी," यादोराव अंकुशला म्हणाला. "पर आज नाई. हे डांबर माह्या हातचं हाय, मलेच काढू द्या."

त्यानं नत्थूकडून खुरपं मागून घेतलं आणि डोंग्याशी पाण्यातच फतकल मारून बसला.