घाबरली की जाऊन बघायचं

थोरली पोरगी पोटात होती तेव्हा बायकोचा दमा इतका वाढला की ती बसल्या बसल्याच झोपायची. कांप दे मास्क या आमच्या बेटावरच्या गावी घराच्या तिन्ही अंगांना ऊस. कापणीआधी तो जाळायचे आणि सगळा धूर आमच्या दारात. डॉक्टरने कोर्टिझोनच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्या म्हणून बायको जगली आणि पोरगीही जन्माला आली. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे लोक नेमकं हेच विसरले.

पोरगी घाबरट निघाली. पत्र्यावर आंबा पडला तरी तिचं अंग थरथरायचं. अनोळखी माणूस दिसला की ती आईच्या पाठीमागे. शाळेत उत्तर येत असूनही तोंड उघडायची नाही, मग पोट दुखतं म्हणून घरी यायची. माझी थोरली बहीण शेजारीच राहायची. तिचं एकच म्हणणं, पोटातल्या पोराला औषधं पाजली की असंच व्हायचं.

ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. एक दिवस बाजारात भाजी विकली आणि चिखलाच्या पायांनी तसाच डॉक्टरकडे गेलो. गोळ्यांनी झालं का, सरळ सांगा म्हटलं. त्याने टाळलं नाही. म्हणाला, गोळ्यांनी झालं असेल, आईचा श्वास कोंडला त्यानेही झालं असेल, नाहीतर पोरीचा स्वभावच तसा असेल. एका पोरीकडे बघून कोणालाच सांगता येणार नाही. पण गोळ्या नसत्या तर तू विचारायला आला नसतास. तिला हसू नका, रागावू नका, एवढं त्याने सांगितलं. बाकीचं मी माझ्या डोक्याने ठरवलं.

मी ठरवलं ते असं. ती घाबरली की हातातलं काम टाकायचं, तिचा हात धरायचा आणि जे काय असेल ते जाऊन बघायचं. पलंगाखाली, गोठ्यात, उसाच्या कडेला, कुठंही. जेवत असलो तरी उठायचो. बहीण कुंपणावरून विचारायची, "काय रे, सापडलं का भूत?"

"सापडलं. अंडी घालतंय. तुला देऊ दोन?"

पोरगी सात वर्षांची झाली आणि बायकोला पुन्हा दिवस गेले. दमाही परत आला, त्याच गोळ्याही आल्या. बायको माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायची आणि मी निर्धास्त शेतावर जायचो. माझी पाठ वळली की ती गोळी चुलीच्या राखेत थुंकायची, हे मला नंतर कळलं. बहिणीने तिला सांगितलं होतं, एक पोर बिघडवलीस, आता दुसरं तरी नीट होऊ दे.

त्या दिवशी मी आणि बहीण पोमदामूर, म्हणजे टोमॅटो, तोडत होतो. पोरगी घराकडून पळत आली.

"बा, आईचा श्वास कसातरी वाजतोय."

"हिचं रोजचंच आहे," बहीण म्हणाली. "टोपली तर भर आधी."

मला काही समजलं होतं असं नाही. नेहमी जायचो तसाच गेलो. बायको स्वयंपाकघरात भिंतीला धरून बसलेली, ओठ निळे, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिला उचलून रस्त्यावर आणेपर्यंत पोरगी पुढे धावली होती. उसाची लॉरी येत होती. माणूस बघून लपणारी माझी पोरगी दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. लॉरी थांबली. ड्रायव्हरने इथल्या क्रेओल बोलीत शिव्या घातल्या, पण ती हलली नाही. आई आत बसली, तेव्हाच बाजूला झाली.

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. संध्याकाळी बायकोला बोलता आलं, तेव्हा गोळ्यांचं सगळं तिने सांगितलं. डॉक्टरने बजावलं की या गोळ्या आपल्या मनाने सोडायच्या नाहीत. तो गेल्यावर ती म्हणाली, "अहो, आणि हेही थोरलीसारखंच झालं तर?"

"होऊ दे. मला दोन हात आहेत. एकेका हाताला एकेक धरीन."

तिने नर्सने दिलेली गोळी घेतली आणि मला जीभ काढून दाखवली.

मुलगा झाला. चांगला वजनदार, आणि आवाज असा की बाहेरच्या ओसरीत ऐकू यावा. तेच पोट, त्याच गोळ्या, आणि हा असा धीट की पुढे वादळात छपराचे पत्रे वाजायचे, तरी खुशाल घोरायचा. डॉक्टरला सांगितलं तर तो हसून म्हणाला, म्हणूनच मी छातीठोक काही बोलत नाही.

बारशाला अंगण भरलं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. बहीण नवं लुगडं नेसून पाळण्याशी आली, वाकली आणि तशीच थांबली. मग सगळ्यांसमोर पोरीला म्हणाली, "तू ये गं. हा तुझ्यामुळे आलाय."

तिचा हात धरायला मी उठलो नाही. पोरगी एकटीच पुढे गेली. तिने कानात नाव सांगितलं, मग सरळ उभी राहून अख्ख्या अंगणाला सांगितलं. मागचे लोक म्हणाले, ऐकू नाही आलं. तिने पुन्हा सांगितलं, या वेळी इतक्या मोठ्याने की बाळ दचकून रडायला लागलं. सगळं अंगण हसलं, आणि सगळ्यांत जास्त हसली ती माझी पोरगी.