नकाराच्या पत्रातली एक ओळ

पत्रवाल्या बाईंनी अठ्ठावीस वर्षं एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीचे अर्ज नाकारले. म्हणजे नाकारायचे साहेब, कळवायच्या बाई. 'कळविण्यास खेद होतो की' हे शब्द त्यांच्या बोटांत इतके मुरले होते की टाइपरायटरकडे न बघता उमटायचे. निवृत्तीनंतर त्या मुलांच्या संस्थेत जाऊ लागल्या, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "बरं झालं. मोठ्यांना नाही म्हणून झालं, आता पोरांना म्हण."

दोघी बहिणीच एका घरात राहायच्या. थोरली निवृत्त परिचारिका. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या म्हणजे ही संस्था. तेरा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींच्या गोष्टी, कविता, चित्रं मागवायची आणि त्यांतून वर्षाला दोन पुस्तकं काढायची. एका पुस्तकात तीसेक जणांना जागा, आणि पाकिटं यायची पाचशे-सहाशे. उरलेल्यांना एक छापील चिठ्ठी जायची. बाईंनी ती पहिल्याच महिन्यात बंद केली. प्रत्येक मुलाला हाताने लिहिलेलं पत्र जाईल, त्याच्या लिखाणातली एक तरी चांगली ओळ त्यात उतरवलेली असेल, आणि ती का आवडली हेही लिहिलेलं असेल, असा नियम त्यांनी स्वतःच केला आणि स्वतःच पाळला. काही कवितांत ओळ शोधताना नाकी नऊ यायचे. एकदा तर 'तुझं शीर्षक फार छान आहे' एवढ्यावरच त्यांनी वेळ मारून नेली. सापडलेली प्रत्येक ओळ त्या एका जाड वहीतही लिहून ठेवत.

त्या वहीत सगळ्यांत जास्त ओळी होत्या टाचणीच्या. ही मुलगी आपले कागद स्टेपल न करता टाचणीने जोडून पाठवायची, म्हणून बाईंनी मनातल्या मनात ठेवलेलं हे नाव. चौदाव्या वर्षापासून ती पाठवत होती, कधी एकाच पुस्तकासाठी दोनदा, आणि परत येत होतं. अकरा वेळा. ती संस्थेत येऊन पाकीट हातात द्यायची आणि विचारायची, "या वेळी छापाल ना, बाई?" छापून येणं हा तिच्यासाठी हौसेचा भाग नव्हता. शिक्षण पुढे चालू ठेवायचं की मावशीच्या शिवणकामाच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरायचं होतं. आई म्हणाली होती, "कुणी परक्याने तुझं छापलं तर मानेन मी." अठरावं सरायच्या आत तिला हे करून दाखवायचं होतं.

संस्थेला पंधरा वर्षं झाली तेव्हा नवे संचालक बाईंच्या टेबलापाशी आले.

"बाई, तुमची ती वही द्या ना. मुलांच्या ओळींची एक छोटी पुस्तिका काढू. देणगीदारांच्या कार्यक्रमात वाचूनही दाखवू."

बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी वही दिली, आणि न राहवून टाचणीला कळवलं : तुझी ओळ छापून येते आहे, आईला घेऊन ये.

कार्यक्रम दुपारचा. सभागृह भरलेलं. टाचणी आणि तिची आई दुसऱ्या रांगेत, बाई त्यांच्या मागेच. पुस्तिका खुर्च्यांवर ठेवलेली होती. मुखपृष्ठावर जीभ काढलेला चेहरा आणि खाली 'आमच्या छोट्या लेखकांच्या गमती'. बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. तोवर वाचन सुरू झालं होतं.

वाचायला बोलावलेले गृहस्थ आवाजाचे कसबी होते. सुटी ओळ घ्यायची, तिला हुंदका लावायचा, मग भुवई उडवायची. लोक पोट धरून हसत होते. चौथी की पाचवी ओळ टाचणीची आली.

"बाबा गेले त्या दिवशी," गृहस्थांनी डोळे मिटले, "कुकरनेसुद्धा शिट्टी वाजवली नाही."

आणि त्यांनी तोंडाने लांबलचक शिट्टी वाजवली.

सभागृह फुटलं. टाचणीची आईसुद्धा हसली. सगळे हसताहेत म्हणून, तोंडावर पदर धरून. टाचणीने मान वळवून मागे पाहिलं. तिची ओळ सुरू होताच बाईंच्या चेहऱ्यावर कौतुकाचं हसू आलं होतं. ते त्यांना वेळेवर आवरता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई संचालकांच्या खोलीत जाऊन पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. संचालक शांतपणे म्हणाले, "नाव कुठे छापलंय कुणाचं? आणि बाई, खरं सांगा, तुम्हाला कधीच हसू आलं नाही?"

बाईंना आलं होतं, सुरुवातीला, दोनदा.

टाचणीचं बाराव्यांदा पाकीट आलं ते चार महिन्यांनी, आणि टपालाने. आत सहा पानं. मथळा होता 'पत्रवाली'.

बाईंनी ते उभ्यानेच वाचलं. त्यात त्या होत्या, पायापासून डोक्यापर्यंत. आधी डावा खांदा आणि मग बाकीचं शरीर, अशी त्यांची चाल. पाकीट फोडण्याआधी त्याचा वास घेण्याची सवय. 'त्या नकार इतका मऊ शिजवतात की गिळल्यावर तासाभराने कळतं, घशात अडकलाय.' आणि पुढे : 'माझ्याकडे त्यांची अकरा पत्रं आहेत. अकरा चांगल्या ओळी. एकाखाली एक लिहून पाहिल्या. गोष्ट होत नाही.'

फक्त तिसरं पान वेगळं होतं. टाचणी पहिल्यांदा संस्थेत आली होती त्या दिवसाचं. बाईंनी उठून स्वतःची खुर्ची तिला दिली, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, 'तुझं अक्षर घाबरलेलं आहे, तू नाहीस.' ते पान बाईंनी तीनदा वाचलं. मग पदराने डोळे टिपले.

घरी बहिणीने ती पानं वाचली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

"तुझी चाल तर हुबेहूब उचलली आहे कार्टीने! धाकटे, हे सरळ परत पाठव. नाकारायलाच तर ठेवलंय तुला तिथे."

"चांगलं आहे गं ताई."

"साप पण चांगला दिसतो. म्हणून उशाला घेतेस का?"

बाईंनी पानांच्या कोपऱ्यात 'घ्यावे' असं लिहिलं आणि खाली सही केली. निवड समितीत कुणी हूं की चूं केलं नाही. एकाने तर मथळा वाचून बाईंकडे बघत दाद दिली. पुस्तक निघालं. त्यातला सगळ्यांत गाजलेला लेख तोच. खालचा सायकलवालासुद्धा बाई जिना चढू लागल्या की आपला डावा खांदा पुढे काढून पोरांना हसवू लागला. टाचणीच्या आईने मात्र शब्द पाळला. मुलीला पुढे शिकायला घातलं.

आपली प्रत न्यायला टाचणी आली तेव्हा खोलीत दोघीच होत्या.

"वाईट वाटलं?" तिने विचारलं.

"वाटलं," बाई म्हणाल्या. "पण तिसरं पान लिहिलंस ना, त्याने भरून आलं. म्हटलं, मुलीने लक्षात ठेवलंय."

टाचणी प्रत पिशवीत घालता घालता थांबली.

"ते तुम्हाला आठवतं?"

"न आठवायला काय झालं? याच खुर्चीत बसवलं होतं तुला. हात गार पडला होता तुझा."

"बाई, त्या दिवशी तुम्ही रजेवर होतात. पाकीट मी शिपायाकडे दिलं आणि गेले." तिच्या आवाजात राग नव्हता. "ते पान मी रचलं. नुसतीच बाकीची पाच पाठवली असती, तर तुम्ही घेतलं नसतं."

"अगं, पण मला तर..." बाईंनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "मला चांगलं आठवतंय."

"हो ना," टाचणी म्हणाली. "म्हणजे जमलं." आणि जिना उतरून गेली.