नीराबाईच्या शिकाऊ पोरी

उरणजवळच्या मिठागरांत कुणाचं मनगट मोडलं की माणूस सरळ नीराबाईच्या ओटीवर यायचा. हाड ती बसवायचीच, पण तिचा खरा हातखंडा पुढचा: पट्टी सुटल्यावर ताठलेली बोटं पुन्हा कामाला लावायची. त्यासाठी ती तांदळाच्या पिठाची कोमट उकड पुढ्यात ठेवी आणि भल्याभल्या मिशीवाल्यांना भाकऱ्या थापायला लावी. गडी लाजून अर्धे होत. नीराबाईला त्याची भारी मजा वाटे.

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली, तसे तिचेच अंगठे कुरकुरू लागले. आपल्यामागं या हातांचं कोण बघणार, या काळजीनं तिला घास गोड लागेना. तिनं शिकाऊ पोर शोधायला घेतली. मैना अंगानं दणकट, पण लक्ष सगळं रस्त्यावर; तिला घालवली. कमळला सगळं तोंडपाठ, पण दुखणेकरी "आई गं" म्हणाला की हीच रडायची, तीही गेली. म्हातारीला पोर नको, देवी हवी, असं गाव म्हणू लागलं.

मग आली जनी. पहिल्याच दिवशी तिनं, नुकतीच मनगटाची पट्टी सुटलेल्या येसाजीच्या हातातली फाटकी भाकरी घेऊन स्वतःच झकास थापून दिली. नीराबाई कडाडली, "तुला भाकर येते, ठाव हाय आमाला! हात कुनाचा बरा करायचाय?"

जनी गोरीमोरी झाली, पण सबबी सांगत बसली नाही. तेवढ्यावर नीराबाईनं तिला ठेवून घेतली.

आठवड्यानं येसाजी पुन्हा थापायला बसला. उकड चिकटे, कड फाटे. "द्या इकडं, जलम जाईल तुमचा!" त्याची बायको कोकिळा करवादली. जनीनं तिला नजरेनंच गप्प केलं आणि आपले हात मांडीखाली दाबून बसली. भाकरी गोल होत आली नि करंगळी अडली. येसाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता नीराबाईलाच राहवेना. कड जरा सावरून द्यायला तिचा हात पुढं गेला.

फाट्! जनीनं त्यावर चापट मारली. "काकी, हात मागं! करंगली हालतेय त्याची, दिसत न्हाय?"

नीराबाईला चापट मारायची छाती तिच्या नवऱ्यालाही कधी झाली नव्हती. तेवढ्यात करंगळी खरंच वाकली आणि कड मिटली.

नीराबाईनं हात पदरात घेतला. कित्येक दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

"येसा," ती म्हणाली, "उद्यापास्नं मला काय इचारू नको. जनीला इचार."