सरांच्या माथी मारलेली चूक

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवळात जातो, तिथंही नुसता हात जोडून उभा राहतो, आणि परत येतो. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही नीट माहीत नाही.

मी मिस्त्री आहे. मूळचा मंद्रूपचा, गॅरेज विजापूर रोडला. जुन्या, छोट्या पेट्रोल गाड्या — ज्यांचे पार्ट आता मिळत नाहीत, ज्यांच्याकडे नवी पोरं बघतही नाहीत — त्या माझ्याकडे येतात. लोक म्हणतात, याला नुसत्या आवाजावरून कळतं. आधी मला हे ऐकून बरं वाटायचं.

हिरेमठ सरांची गाडी त्यातलीच. सर शाळेत विज्ञान शिकवायचे, मैंदर्गीचे, निवृत्तीनंतर सोलापुरातच राहिलेले. चार सिलेंडरचं साधं इंजिन. सगळं उघडं, सगळं हाताला लागणारं. बॉनेट उचललं की एका बाजूला पेट्रोलचा पंप, त्याच्यापासून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाईप, आणि कार्बोरेटरच्या बरोबर खाली धूर बाहेर नेणारी नळी, जी गाडी चालली की तव्यासारखी तापते. सर म्हणायचे, “मिस्त्री, चौघांचा संसार आहे हा. एक रुसला की घर हलतं.”

त्यांना ते इंजिन मी शिकवलं. सकाळी पंपाची दांडी हातानं चारदा दाबायची, पेट्रोल वर चढतं. मग चोक ओढायचा. चालू झालं की हळूहळू आत सोडायचा, एकदम नाही. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं अंतर पातळ पत्ती घालून बघायचं — पत्ती अडकूही नये, खुळखुळूही नये. ऑइल गाडी सपाटीला उभी करूनच तपासायचं. सर हे सगळं वहीत लिहून घ्यायचे. शिक्षक माणूस, पण माझ्यापुढं विद्यार्थ्यासारखे बसायचे. पुढं पुढं कार्बोरेटर घरीच उघडून साफ करू लागले, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ करायचे. खरंच सांगतो.

दर महिन्याला ते आणि गिरिजाअक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्या गाडीतून मैंदर्गीला जायचे. अक्कांची बहीण तिथं. जाताना अक्का गॅरेजपुढं गाडी थांबवून मला कडक भाकरी आणि शेंगाचटणी द्यायच्या.

त्या शनिवारी सरांनी घरी कार्बोरेटर साफ केला. रविवारी सकाळी गाडी माझ्याकडे आणली. उभी असताना इंजिन थरथरत होतं. मला म्हणाले, बघून ठेवा, मी समोर चहा घेतो. अक्का गाडीतच बसल्या होत्या, पेपर वाचत.

पेट्रोल नीट चढतंय का बघायला मी तो पाईप कार्बोरेटरवरून काढला. दांडी दाबली, पेट्रोल भरपूर आलं. म्हणजे दोष तिथं नव्हताच. पॉइंट घासले, अंतर लावलं, थरथर गेली. पाईप परत बसवला. त्याच्यावर क्लिप असते — पाईप आवळून धरणारी पत्र्याची कडी. तिचा पेच आवळायला घेतला, तर तो नुसता फिरत राहिला. आटे माझ्याच हातून गेलेले. नवी क्लिप मागच्या कपाटात होती. दहा पावलं. हो, दहाच.

मी गेलो नाही.

घाई होती का? नव्हती. कुणी हाक मारली होती का? नाही. कंटाळा केला — एवढंच. पाईप हातानं आत रेटला, ओढून बघितला, वाटलं बसलाय. सर आले तेव्हा बॉनेट लावून झालं होतं. “घ्या सर, झालं.” ते हसले, गाडी काढली.

वळसंगच्या अलीकडं बॉनेटमधून धूर आला. सरांनी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उचललं, आणि जाळ तोंडावरच आला. अक्का धावल्या. त्यांनी सरांना दोन्ही हातांनी मागं ओढलं, त्यांच्या पेटलेल्या सदऱ्यावर नुसत्या हातांनी मारत राहिल्या. शेतातली माणसं आली, माती टाकली, गाडी विझवली. सरांचं भुवया जळण्यावर भागलं. अक्कांचे हात गेले. म्हणजे हात आहेत — पण बोटं आखडली, चिकटली, ऑपरेशननंतरही सरळ होत नाहीत.

चार दिवसांनी गाडी ओढून माझ्याकडं आणली. सर बरोबर होते, डोक्याला पट्टी. बॉनेट उचललं. करपलेला पाईप निसटून खालच्या त्या तापणाऱ्या नळीवर लोंबत होता, टोकाला ती क्लिप. सर कितीतरी वेळ बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

“मिस्त्री, तुम्ही रविवारी हा पाईप काढला होता का?”

बघा — इथं मला एवढंच म्हणायचं होतं, व्हय. एक शब्द.

“न्हाय सर. मी नुसते पॉइंट बघितले.”

“म्हणजे शनिवारी मीच... मला तर आवळल्याचं आठवतंय.”

आणि मी म्हणालो, “वय झालं की हुतं असं, सर.”

खोटं एक वेळ भीतीनं बोललो म्हणू. पण हे दुसरं वाक्य? ते कुणी मागितलं होतं? त्यांच्या मनात अजून शंका होती. ती मी पुसून टाकली.

त्यानंतर सरांनी इंजिनाला हात लावला नाही. इंजिनाचंच काय, त्यांचा कशावरच भरवसा राहिला नाही. गॅसचं बटण तीनदा बघायचे. कुलूप लावून जिन्यावरून परत वर जायचे. पुण्याचा मुलगा म्हणाला, बाबांना विसर पडतोय, डॉक्टरला दाखवू. दाखवलंही. सर मुकाट गेले. मी गेलो की ते अक्कांची वेणी घालत असायचे, सावकाश, तोंडातल्या तोंडात पेड मोजत. एकदा मला म्हणाले, “आवळल्याचं इतकं स्पष्ट आठवतं हो, मिस्त्री. मन किती फसवतं.” मी मान हलवली. सात वर्षं मी मान हलवत राहिलो.

मागच्या वर्षी सर गेले.

तेराव्यानंतर मी अक्कांना भेटायला गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, केस मोकळे. म्हणाल्या, “रोज माफी मागायचे ते. रोज सकाळी, कपात चहा ओतून माझ्या तोंडाशी धरताना. मी एकदाही म्हणलं न्हाय की जाऊ द्या म्हणून. लई राग होता माझ्या पोटात. आता कुणाला सांगू?”

मी समोर बसलो होतो. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, “येतो अक्का,” आणि चपला घालून खाली उतरलो.

सरांनी शनिवारी क्लिप नीट आवळली होती. त्यांना बरोबर आठवत होतं. पाईप मी काढला, सैल मी सोडला, आणि दोष त्यांच्यावर मी टाकला.

अक्का अजून त्याच घरात आहेत. मी त्यांना सांगितलेलं नाही.